मॅडम गोंची हिरवी पुडी

संजीवनीला आवरायची भारी खोड. कुठेही जाऊ दे, आधी टेबल पुसणार, पसारा उचलणार, वाकडी खुर्ची सरळ करणार. या खोडीपायी पुण्यात सासूबाईंनी तिचं चारचौघांत कौतुक केलं होतं, आणि याच खोडीपायी सिंगापुरात बाईसाहेब नोकरी घालवून बसणार होत्या. अगदी थोडक्यात वाचल्या. कशा, ते ऐका.

ती तिथे एका विद्यापीठात होती. प्राध्यापक वगैरे नव्हे हो. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की तिथल्या माणसांना ते शिकवायचं, एवढंच तिचं काम. पुण्यात सहकारनगरात दहा वर्षं तिने कॉम्प्युटरचे क्लास घेतले होते. बँकेतून रिटायर झालेले आजोबा, जन्मात माऊस न धरलेल्या बायका, सगळे तिच्या हाताखालून गेले. तिचा नियम एकच: शिकणाऱ्याच्या माऊसला आपण हात लावायचा नाही. समोरचा कितीही चुकू दे, ही आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी. मनातल्या मनात जीव कासावीस व्हायचा, पण हात काही पुढे यायचे नाहीत.

दोन हजार पंधराच्या जानेवारीत तिच्या वाट्याला परीक्षा विभाग आला. सहा कारकून बायका आणि त्यांच्या प्रमुख मॅडम गो. साठीच्या, बुटक्या, केस काळेभोर रंगवलेले, तीस वर्षं त्याच खुर्चीत. विद्यार्थ्यांचे अर्ज, म्हणजे फेरतपासणीचे, रजेचे, विषय बदलण्याचे, सगळे कागदी फायलींत, आणि फायली खोलीतल्या लांबलचक टेबलावर मांडलेल्या. ते सगळं आता स्क्रीनवर न्यायचं होतं. साहेब मिस्टर लिम यांनी गोड हसून सांगितलं होतं, "एकतीस मार्चपर्यंत कागद बंद झाला पाहिजे. नाही झाला तर तुमचा करार वाढवायला माझ्याकडे कारण उरणार नाही."

करार गेला की पास, म्हणजे तिथे राहायचा परवाना गेला, आणि पास गेला की घरच गेलं. नवरा उल्हास चांगी बिझनेस पार्कमध्ये होता, त्याची नोकरी आदल्या वर्षी सुटली. तेव्हापासून तो आणि मुलगी जाई दोघंही तिच्याच पासवर राहत होते. जाईचं ओ-लेव्हलचं, म्हणजे तिथल्या दहावीचं वर्ष होतं. मध्येच गाशा गुंडाळून पुण्याला जायचं म्हणजे पोरीच्या चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी. संजीवनीला तर मिस्टर लिमचं ते गोड हसू स्वप्नातसुद्धा दिसायला लागलं होतं.

आता तिने काय केलं बघा. साहेब सोमवारी पाहणीला येणार म्हणून शनिवारी ती एकटीच ऑफिसात गेली. टेबलावर फायलींचे गठ्ठे, आणि कित्येक फायलींवर टिश्यू पेपरच्या पुड्या पडलेल्या. गुलाबी, पिवळ्या, निळ्या, हिरव्या. काय हा गबाळेपणा, असं पुटपुटत तिने सगळ्या पुड्या गोळा करून पँट्रीच्या खणात टाकल्या, फायली नंबराप्रमाणे लावल्या, टेबल पुसलं आणि मोठ्या समाधानाने घरी आली.

सोमवारी नुसता गोंधळ! एकाच मुलाच्या फायलीवर दोन बायकांनी दोन निर्णय लिहिले. अर्धी झालेली कामं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. एका मुलीला रजा मंजूर झाल्याचंही पत्र गेलं आणि नामंजूर झाल्याचंही. मिस्टर लिमच्या देखत मॅडम गो उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या टेबलाला कोणी हात लावला?"

संजीवनी पुढे झाली. "मी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मॅडम गोंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. बाकीच्या बायकाही स्क्रीन बंद करून निमूट कागदाकडे वळल्या. ट्रेनिंगला बोलावलं तर सहाही जणींना नेमकं तेव्हाच काम निघायचं. फेब्रुवारीचा निम्मा महिना असाच वाया गेला. संजीवनीने हात टेकले.

"पुण्याची तिकिटं बघून ठेवू का?" एका रविवारी उल्हासने हळूच विचारलं.

"गप्प बस रे! अशुभ बोलू नकोस," ती खेकसली, आणि मग तिलाच रडू फुटायला लागलं.

"आई, चिल लाह," जाई तिथल्या ढंगात म्हणाली. "चल, आपण खाली जेवायला जाऊ."

तिघं चोआ चू कांग भागातल्या आपल्या इमारतीखालच्या फूड कोर्टात गेली. ही गर्दी! जाईने एक रिकामं टेबल हेरलं, खिशातून टिश्यूची पुडी काढून त्यावर ठेवली आणि तिघंही नूडल्सच्या रांगेत लागली. यालाच तिथे 'चोप' करणं म्हणतात. पुडी पडली की टेबल तुमचं. रांगेतून संजीवनी बघत होती. गरमागरम सूपचा वाडगा घेतलेला एक गृहस्थ त्या टेबलाशी आला. बोटं भाजत असावीत बिचाऱ्याची. त्याने पुडी पाहिली आणि मुकाट्याने पुढे गेला.

संजीवनीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मी सगळ्यांची टेबलं उचलली!"

पाच वर्षं ती या देशात होती, शेकडो वेळा स्वतः पुडी ठेवून जेवली होती. पण जेवणाच्या टेबलाची रीत फायलीलाही लागू असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिने आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल कोणी घेतली आहे ते कळायची सोय एका कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यावर कोण कशाला विश्वास ठेवेल?

दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्या आजींकडून तिने पुड्या विकत घेतल्या आणि थेट मॅडम गोंपुढे जाऊन त्या ठेवल्या. "मॅडम, चुकलं माझं. मला तुमची पद्धत शिकवा."

मॅडम गोंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बस," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

पुडीचेही कायदे होते म्हणे! प्रत्येकीचा रंग ठरलेला. हिरवा मॅडम गोंचा. एका वेळी तीनपेक्षा जास्त फायली धरायच्या नाहीत. सुट्टीवर जायचं तर पुडी उपडी करून जायचं, मग ती फाईल दुसरीने घेतली तरी चालते. आणि दुसरीच्या पुडीला हात कधीही लावायचा नाही; जिची तिने उचलायची. शेवटचा कायदा सांगताना मॅडम गो जरा थांबल्या. संजीवनीने मान खाली घालून तोही लिहून घेतला.

तो कागद घेऊन ती प्रोग्रॅमर अनिमेषकडे गेली. त्याने आधी पोट धरून हसून घेतलं, मग आठवडाभर खपून सगळं जसंच्या तसं उतरवलं. फाईल उघडली की तिच्यावर तुमच्या रंगाची पुडी, ही एवढी मोठी. मग दुसऱ्या कोणाला ती उघडायचीच नाही. सुट्टी टाकली की पुडी आपोआप उपडी.

मार्चच्या नऊ तारखेला बायका स्क्रीनसमोर बसल्या. सगळ्यात आधी मॅडम गो. माऊस भलतीकडेच भरकटत होता. संजीवनी मागे उभी, हात पाठीमागे, नखं तळव्यात रुतलेली. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा स्क्रीनवर हिरवी पुडी पडली. पलीकडून दुसरीने तीच फाईल उघडायचा प्रयत्न केला आणि ओरडली, "उघडत नाही! मॅडमची पुडी आहे!"

मॅडम गो चक्क हसल्या. पंधरवड्यात लांब टेबल रिकामं झालं. संजीवनीचा निम्मा जीव भांड्यात पडला. निम्मा अजून टांगलेलाच होता, कारण कराराचं पत्र काही येईना. मिस्टर लिम नुसतं 'बघू' म्हणायचे.

तीस तारीख उजाडली तरी पत्र नाही. दुपारी संजीवनीने जड मनाने आपले कप, फोटो, वह्या आवरायला घेतल्या. रिकामा खोका आणायला स्टोअरमध्ये गेली आणि परत येऊन बघते तर तिच्या खुर्चीवर एक हिरवी पुडी.

मॅडम गो आपल्या जागेवर, नजर स्क्रीनवर. "तिथे दुसऱ्या कोणाला बसू देणार नाही असं लिमला सांगून आले," त्या म्हणाल्या. "पत्र उद्या येईल. दोन वर्षांचं आहे."

खोका हातातून सुटला. दोन वर्षं! जाईची परीक्षा, घर, सगळं जागच्या जागी राहणार होतं. संजीवनीला मटकन खाली बसावंसं वाटलं. पण खुर्चीवर पुडी होती. ती तशीच उभी राहिली, हात पाठीमागे, डोळ्यांतून धारा.

मग मॅडम गो उठून आल्या. त्यांनी स्वतःची पुडी स्वतः उचलली, फोडली आणि त्यातला पहिला टिश्यू तिच्या हातात दिला.

"आता बस," त्या म्हणाल्या.