वहिनींची पीएच.डी. आणि आमचे रविवार

रविवार, १ फेब्रुवारी. दुपारी साडेचार. जागा: अंबरनाथ, शिवमंदिराच्या रस्त्यावरचं आमचं जुनं बिऱ्हाड. हजर: वहिनी (पलंगावर, उशीला टेकून), दादा, मी आणि वहिनींच्या जुन्या ऑफिसातली शुभांगी. असं टिपून ठेवायची माझी सवय घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे. पण त्या दिवशीचं टिपण माझ्यापाशी आहे याचं आज बरं वाटतं, कारण वहिनींना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं. पुढच्या गुरुवारी सकाळी दादांचा माझ्या बदलापूरच्या घरी फोन आला. "नीला, ये," एवढंच म्हणाले...

वहिनी म्हणजे शालिनी, माझी मोठी जाऊ. दादा तिचे यजमान, माझे मोठे दीर. शुभांगी त्या दिवशी तब्येत विचारायला आली होती, पण मनात दुसरंच होतं. वय अडतीस, घरी दोन मुलं, नोकरी सोडायची नाही. तरी मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करावीशी वाटते, खर्च किती येतो हो? हृदयाच्या दुखण्याने जिना चढणं बंद झालेल्या वहिनी एकदम सरळ बसल्या. "फी विचारत असशील, तर ती सगळ्यात स्वस्त. बाकीचा खर्च हिला विचार, तो हिने भरलाय!" असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवत इतक्या हसल्या, की दादा म्हणाले, "पुरे गं, धाप लागेल." मग औषधाची वेळ झाली, चहा झाला, आणि शुभांगीला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. ते इथे देते.

शहाऐंशी साल. वहिनी चाळिशीच्या, इथल्याच एका केमिकल कंपनीत स्टोअर्सच्या सुपरवायझर. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तीन खोल्यांत सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दादा-वहिनी आणि आम्ही दोघं नवरा-बायको. एका रविवारी जेवणं झाल्यावर वहिनींनी जाहीर केलं, "मी पीएच.डी.ला नाव घालतेय." विषयही ठरला होता: उल्हासनगरातले घरगुती कारखाने, मालक आठ दिवस गावाला गेला तर तिथे निर्णय कोण घेतं? आई म्हणाल्या, "ते शोधायला तुला कशाला जायला हवं? परत आल्यावर तो बघेल की!" दादांनी विचारलं, बढती मिळेल का? वहिनींनी मॅनेजरला आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "मॅडम, स्टोअर्सला डॉक्टर कशाला? कंपनीच्या दवाखान्यात आहे की एक."

मी नेहमीप्रमाणे कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे काय जाणार, उजवीकडे काय मिळणार. तासाभराने उजवी बाजू कोरी होती आणि डावीकडे सगळ्यात वर होते रविवार. पाच वर्षांचे. आठवड्याचं धुणं, निवडणं, दळण सगळं आम्ही दोघी रविवारी उरकायचो. एक गेली की दुसरीच्या गळ्यात दोघींचं पडणार, हे मला लख्ख दिसत होतं. "वहिनी, हे रविवार तुमचे नाहीत, माझे आहेत," मी म्हणून टाकलं. वहिनींनी तो कागद स्वतःकडे ओढला, वरची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "खरं आहे. मग तूही चल माझ्याबरोबर. घर हे दोघं भाऊ बघतील." दादा दचकले, "म्हणजे आम्ही?" आई म्हणाल्या, "म्हणजे रविवारी खिचडी. सवय करा."

पहिल्या रविवारी आम्ही काळी बॅग, क्लिपबोर्ड आणि टाइप केलेली प्रश्नावली घेऊन पँटच्या चेन बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. पाच मिनिटांत सगळी शटर्स खाली! एकाने अर्ध्या शटरखालून डोकं काढून सांगितलं, "मॅडम, आज तो बंद है. साहब को बोलना, कल आओ." आम्ही त्यांना सेल्स टॅक्सच्या अधिकारी वाटलो होतो. रिक्षात बसून परत येईपर्यंत वहिनी हसत होत्या. पुढच्या रविवारी बॅग घरी, क्लिपबोर्ड घरी. हळूहळू दारं उघडली. सिंधी घरात पाहुण्याला आधी पाणी आणि पापड देतात. आमच्या लक्षात आलं, की पाण्याबरोबर पापड आला तर बोलणं होणार, नुसतंच पाणी आलं तर पिऊन उठायचं. मी वहीत त्याचाही रकाना केला.

दोन वर्षांत चाळीस घरं झाली. आणि चाळीसही मालकांचं उत्तर एकच: "कौन देखेगा? मैं ही देखता हूँ." मुंबईचे गाइड सर कागद चाळून म्हणाले, "बाई, सगळीकडे एकच उत्तर. यात शोध कुठे आहे?" वहिनींनी गठ्ठा कपाटावर टाकला आणि आठवडाभर त्याकडे पाहिलं नाही. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तूच सांग तिला, नीला. पुरे झालं आता." मी सांगणारही होते. सगळं आवरायचं तर नीट यादी करून आवरावं म्हणून वही उघडली, आणि मालकांच्या उत्तरांशेजारी मीच केलेली बारीक खूण दिसली. 'आत विचारलं.' पॅकिंगला किती मुली, माल कुठल्या वारी येतो, काहीही विचारलं की मालक पडद्याकडे तोंड करून बायकोला हाक मारायचा, एका घरी "किशनी!", दुसऱ्या घरी दुसरं नाव, आणि उत्तर आतून यायचं. क्लार्कच्या सवयीने मी खरं उत्तर कुणी दिलं ते टिपून ठेवलं होतं. पानामागून पान तीच खूण.

वही घेऊन मी स्वयंपाकघरात पळाले. वहिनी कणीक मळत होत्या. तशाच हातांनी त्यांनी वही ओढून घेतली, पानं उलटत गेल्या. "नीला... आपण चुकीच्या माणसाला विचारत होतो गं!" आणि पिठाच्या हातांनीच मला मिठी मारली.

म्हणजे चाळीस घरं पुन्हा, यावेळी पडद्याच्या आत. दादा म्हणाले, "अजून दोन वर्षं?" रविवारांसाठी भांडलेली मीच म्हणाले, "दादा, तुमच्या खिचडीत आता मीठ बरोबर पडतं. चालू द्या." ती दोन वर्षं म्हणजे नुसती धमाल! चेनचे डझन बांधता बांधता बायका बोलायच्या, आमच्याही हातात चार चेन द्यायच्या. किशनीबाई म्हणाल्या, "वो बोलता है, मैं देखता हूँ. सच है. देखता वो है, करती मैं हूँ." वहिनींनी ते वाक्य तिथल्या तिथे माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं. मात्र एक खर्च लपवणार नाही. आईंच्या शेवटच्या आजारात दोन रविवार आम्ही घरी नव्हतो. "जा गं, इथे बसून काय करताय," असं म्हणून आईंनीच पाठवलं होतं. तरी ते दोन रविवार वहिनींना कायम टोचले, मलाही.

पदवी मिळाली तेव्हा टेबल तेच, पगार तोच. स्टोअर्सच्या दारावर कुणीतरी खडूने 'डॉक्टर आत आहेत' एवढं लिहिलं. पण वहिनींच्या डोक्यात वेगळंच सुरू होतं. प्रबंध इंग्रजीत, ज्यांच्यावर लिहिला त्यांना काय कळणार? त्यांनी प्रत्येक घरासाठी हिंदीत एक पान लिहिलं, त्या घरात त्यांना काय दिसलं ते. पहिलं किशनीबाईंना वाचून दाखवायला गेलो. चार ओळी ऐकून किशनीबाईंनी हात वर केला, कारखान्यातून नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना बोलावलं, भिंतीशी उभं केलं. "अब फिर से पढो, अदी." अदी म्हणजे मोठी बहीण. वहिनींनी पहिल्यापासून वाचलं. नवरा पुटपुटला, "ये तो सबको मालूम है." "तो आज तक बोला क्यों नहीं?" किशनीबाई म्हणाल्या. परतताना वहिनी रिक्षात ताठ बसल्या होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "नीला, वसूल." शुभांगी, खर्च भरपूर आहे आणि तो तुझ्या एकटीचा नसतो. बरोबर कोण येणार ते आधी ठरव. मग कर, जरूर कर.

पुढे आम्ही बदलापूरला राहायला गेलो, वहिनींचं दुखणं सुरू झालं, वाचनाचे रविवार विरळ झाले. तरी एकतीस घरं झाली. दिवसकार्य झाल्यावर दादांनी उरलेली नऊ पानं माझ्या हाती दिली, निळ्या शाईतली, प्रत्येकावर त्या त्या बाईचं नाव. गेल्या रविवारी त्यातलं एक पान घेऊन मी एकटी उल्हासनगरला निघाले. पानावरच्या बाई लेकीकडे कल्याणला गेल्या होत्या, सून म्हणाली, "अगले संडे आओ." मला मनातून सुटल्यासारखं झालं, कारण वाचायच्या त्या वहिनी, मी फक्त लिहायची. मोठ्याने वाचायची मला सवय नाही. सध्या रोज स्वयंपाक झाला की ओट्याशी उभी राहून एकेक पान वाचते. अजून दुसऱ्या ओळीपर्यंतच पोचते, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. नऊ घरं बाकी आहेत.