वाफशाची व्याख्या

मी परदेशात इंग्रजी शिकवते. हे वाक्य लिहायला मला आवडतं, म्हणून आधी लिहून टाकलं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, चौथीत दोनदा बसले आणि मग रानात गेले ते गेलेच. मी आमच्या कळस गावाहून एसटीनं बारामतीला जाऊन बी.ए. केलं, पुण्यात एम.ए. केलं आणि आता आखातातल्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठात लेक्चरर आहे. पहिल्या वर्षाची मुलं माझ्याकडे असतात. पुढं त्यांना इंजिनीअर व्हायचं असतं, डॉक्टर व्हायचं असतं. त्याआधी त्यांच्या इंग्रजीची मशागत आम्ही करतो.

गावात हमखास विचारतात, "तितं इंग्रज न्हाईत का शिकवायला? तुला कशाला बोलवत्यात?" मी सांगते, आहेत की, माझ्या शेजारच्या टेबलावरच बसतात, आणि व्याकरणात अडलं की मला विचारतात. यात फुशारकी नाही. जन्मापासून बोलणाऱ्याला नियम कुठं माहीत असतो? मी एकेक नियम पाठ करत आत शिरलेली आहे.

माझी खोड वेगळी होती. मी फार बोलायचे.

तिचं मूळ बारामतीच्या कॉलेजात आहे. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी हजेरी घेतली. माझा नंबर आला, मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हाय!" आमच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. हजर आहे, एवढंच मला सांगायचं होतं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हाय! हाऊ आर यू?" वर्गात हशा फुटला. पुढचं वर्षभर पोरं मला जिन्यात गाठून 'हाय' करायची, आणि त्या वर्गात वर्षभर मी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून वर्गातली शांतता मला सहन होत नाही. गप्प बसलेलं प्रत्येक मूल आतल्या आत माझ्यासारखं मरत असणार, असं वाटायचं आणि मी त्याच्या वाटचंही बोलून टाकायचे.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी गेल्या वर्षी माझा तास मागं बसून पाहिला आणि अहवालात लिहिलं : शिक्षिका प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. करार पुढच्या सत्राअखेर संपत होता. त्या सत्राच्या सुरुवातीला बाई आणखी एक तास पाहणार, त्यावर करार वाढवायचा की नाही ते ठरणार. मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे माझा वर्ग मला आवडायचा.

सुट्टीत कळसला आले आणि व्हिसाचा एक कागद अडकला. सत्र सुरू झालं तेव्हा मी घरीच. पहिला आठवडा ऑनलाइन घ्या, तपासणीचा तासही तसाच होऊ दे, असं बाईंनी कळवलं. झालं! आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या एका खुर्चीत. भावानं इन्व्हर्टर जोडून दिला. सगळ्यांना ताकीद दिली, अकरा ते बारा आत यायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, फोनवर ओरडायचं नाही.

"आन् मी कुठं बसू?" आबांनी विचारलं.

"रानात."

"रानात न्हाय बसत, बाई. रानात काम करत्यात." असं म्हणून ते बाहेर पायरीवर सावलीत बसले. डाळिंबाला पहाटेच पाणी देऊन आले होते. पायाचा चिखल वाळायची वाट बघत होते.

त्या दिवशीचा विषय होता व्याख्या कशी लिहावी. आमच्याकडे हा धडा मोठा मानतात. एखादी गोष्ट, ती न पाहिलेल्या माणसाला कळेल अशी, मोजक्या शब्दांत सांगायची. मी मुलांना म्हटलं, तुमच्या भाषेतला असा शब्द सांगा ज्याला इंग्रजीत शब्द नाही. आणि गप्प बसले. ठरवूनच. मनात आकडे मोजत राहिले.

पडद्यावर अठरा चौकोन होते. सोळांचे कॅमेरे बंद. एका कोपऱ्यात प्रमुख बाईंचा चौकोन, त्यांचा कॅमेरा मात्र सुरू. मी पंधरापर्यंत मोजलं. कुणी हूं की चूं केलं नाही. विसापर्यंत मोजलं. घशाशी उत्तर आलं होतं.

पायरीवरून आवाज आला, "रेंज गेली का गं?"

"नाही आबा," मी हळूच म्हटलं, "आहे. तुम्ही बोलू नका." पण तेवढ्यात एका मुलीनं इंग्रजीत विचारलं, कोण आहे तिकडं? मी म्हटलं, माझे वडील, शेतकरी आहेत. आणि घाबरलेपणी माझी जुनी खोड उसळली. मी बोलायला लागले. शब्द कुणी सांगेना, तर मीच सांगितला : वाफसा. फळ्यावर लिहावा तसा तो पडद्यावर लिहिला आणि धडाधड व्याख्या करून टाकली. शेतातली ओल, ओली माती.

आबांना इंग्रजी येत नाही. पण मी नमुन्यादाखल 'वाफसा' आणि 'ओल' हे शब्द मराठीतच म्हटले होते. ते उठून दारात आले.

"ओल? ओल म्हंजी वाफसा व्हय? येवढी शिकून ह्येच सांगती का पोरांना?"

"आबा, तास चाललाय."

"चालू दे की. पर चुकीचं नगं चालू दिऊ."

आता पडद्यावर त्यांचं अर्धं अंग दिसत होतं, बंडी, टॉवेल, हाताला माती. मुलांनी पटापट कॅमेरे सुरू केले. एकजण म्हणाला, "हाय!" दुसरी म्हणाली, "हाय!"

आबा पडद्याकडं वाकले. "हाय हाय," ते म्हणाले, "हितंच हाय. मी कुठं जातोय?"

मला आधी कळलंच नाही की मी हसतेय. मग मुलांना समजावून सांगितलं, आमच्याकडे या शब्दाचा अर्थ 'आहे' असा होतो, तुम्ही 'आहात का' असं विचारताय असं त्यांना वाटलं, ते म्हणाले आहे, इथंच आहे. अठराच्या अठरा चौकोन हसले. कुणी कुणाला हसत नव्हतं, एवढं मला नीट दिसलं.

"मग काय असतं वाफसा?" एकानं विचारलं. मी आबांकडं बघितलं. त्यांनी मूठ उचलून दाखवली.

"पाणी दिलं की लगीच रानात शिरायचं न्हाय. माती चिकटती, पाय रुततो. लय थांबलं तर ढेकळं व्हत्यात. मधी एक येळ असती. माती मुठीत घेतली तर गोळा झाला पायजे, आन् टाकला तर फुटला पायजे. तवाच औत घालायचं. त्यो वाफसा."

मी ते इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही माझा न घालता. मग प्रश्न सुरू झाले. किती दिवस लागतात? मातीवर अवलंबून. घाई केली तर? "तर वरीसभर भोगा." यंत्रानं मोजता येतं का? "यंतर हाय म्हणत्यात. पर मूठ फुकट हाय." मुलं आपापसात बोलायला लागली, व्याख्येत मूठ घालायची की नाही यावर वाद झाला. मी मध्ये नुसती बसलेली.

मग बांगलादेशची एक मुलगी बोलली. गेल्या सत्रापासून तिनं माझ्या एकाही तासाला तोंड उघडलं नव्हतं. तिला मी दोनदा विचारून सोडून दिलं होतं. ती म्हणाली, आमच्याकडे याला 'जो' म्हणतात. माझे आजोबा भाताच्या रानात असंच मुठीत माती घेऊन बघतात. शब्द सापडत नव्हते तेव्हा तिनं मूठ कॅमेऱ्यासमोर धरून उघडली. आबा म्हणाले, "हिला कळलं. हिला विचार, तिकडं भात कसं व्हतंय यंदा."

बारा कधी वाजले कळलं नाही. बाईंचा कॅमेरा सुरूच होता, पण त्या खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. तास संपल्यावर मी आबांवर चिडले. खरंच चिडले. माझा करार आहे, माझी नोकरी आहे, म्हटलं. त्यांनी नळावर जाऊन पाय धुतले आणि जेवायला बसले. भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले, "मी रानातच बसाया पायजे हुतं." मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

चार दिवसांनी व्हिसाच्या त्याच कागदासाठी आम्ही दोघं इंदापूरला तहसीलमध्ये गेलो. शिक्का मिळाला. स्टँडसमोरच्या गाड्यावर उसाचा रस घेत होतो तेव्हा फोनवर अहवाल आला. मी उभ्या उभ्या वाचला. करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला होता.

"पास का?" आबांनी विचारलं.

"पास."

"चला. घरात एक तरी पास झालं." त्यांनी ग्लास संपवला, आणखी दोन सांगितले. मग दुसरीकडं बघत, "माझं काय लिवलंय का त्यात?"

लिहिलं होतं. मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं : शिक्षिका या वेळी थांबायला शिकल्या आहेत, आणि पाहुण्या वक्त्याचा त्यांनी उत्तम उपयोग करून घेतला.

"पाव्हणा?" आबांनी ग्लास खाली ठेवला. "माझ्याच घरात मी पाव्हणा? त्या बाईला लिव, म्हणावं, चूक हाय. दुरुस्ती करा."

मी लिहिलं. बाईंचं उत्तर एसटीत बसल्यावर आलं. अहवाल आता बदलता येत नाही, पण वडिलांना माझा हाय सांगा.

"काय म्हंती?"

"हाय म्हणते."

आबांनी मान हलवली. "हाय ना? मग झालं."