गुरुवारचे गोल तारे

नवीन माउंट घेतलं तेव्हा थंडी नुकतीच सुरू झाली होती. माउंट म्हणजे दुर्बीण बसवायची मोटरची बैठक. पृथ्वीच्या उलट दिशेने ती त्याच वेगात फिरते, त्यामुळे मिनिटभराच्या फोटोतही तारा ठिपक्यासारखा गोल येतो. सोबत एक लहान कॅमेरा होता. तो एकाच ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा जरा सरकला की लॅपटॉपवरच्या रेघेला दात येतो. रेघ सपाट असली तर फोटो चांगला.

आमचं घर निगडीच्या पुढे, तळवड्याच्या रस्त्यालगत, दुसऱ्या मजल्यावर. वर गच्ची. मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपायचा होता. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक ताऱ्याला शेपूट आलं. सगळी शेपटं एकाच दिशेला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, तुमचं ध्रुवताऱ्याशी जुळवणं चुकतंय.”

“तीनदा तपासलं.”

“मग वारा असेल.”

“वारा नाही.”

“नवीन लोकांना होतं असं. हात बसला की येतील फोटो.”

माउंट परत पाठवलं. त्यांच्याकडे ते बिनचूक चाललं. तसंच परत आलं आणि पुन्हा शेपटं आली.

त्याच महिन्यांत आईची चक्कर वाढली होती. गावाकडून ती आमच्याकडे राहायला आली त्याला दोन वर्षं झाली होती. आडवी झाली की खाट हलते, म्हणायची. डॉक्टरांनी कान तपासले, मान तपासली, वयाकडे बोट दाखवलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. खाट हलायची ती हलायचीच.

फक्त गुरुवारी हलायची नाही. आई गुरुवारचा उपवास धरते, तेव्हा गुण उपवासाचा, हे तिने ठरवून टाकलं. मग सोमवार धरला. त्यानंतर शनिवार. डॉक्टर म्हणाले, हलकं पोट मानवत असेल, हरकत नाही. डिसेंबरात तिच्या बांगड्या मनगटावरून सुटून पडायला लागल्या. जिना चढताना ती मध्ये बसायची. सोमवारी आणि शनिवारी खाट हलतेच, हे तिला मान्य होतं. त्यावर आपली श्रद्धा कमी पडते, असं तिचं उत्तर होतं.

मग एका गुरुवारी तारे गोल आले. त्या दुपारी मी माउंटचं वजन नव्याने तोललं होतं, त्यामुळे यश माझं, असं समजून चाललो. शुक्रवारी शेपटं परतली. पुढच्या गुरुवारी मी कशालाही हात लावला नाही. तारे गोल आले.

या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही गुरुवार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या दिवशी कारखाने बंद. कंपन्यांच्या बस नसतात, चहाच्या टपऱ्याही उशिरा उघडतात. आमच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात पॉवर प्रेस चालतो, चाकणच्या गाड्यांसाठी लोखंडी पट्ट्या ठोकतो. तो आवाज आम्हाला ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

शुक्रवारी आई जेवायला बोलवायला वर आली. कठड्याला धरून उभी राहिली. लॅपटॉपकडे तिची पाठ होती.

“आत्ता,” ती म्हणाली. रेघेला दात आला.

“काय आत्ता?”

“हललं. आत्ता. हे बघ, आत्ता.”

प्रत्येक शब्दाला एक दात. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने बराच वेळ पाहिलं.

“म्हंजे मला येड लागलं न्हवतं,” ती म्हणाली आणि खाली गेली. जेवली नाही. खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी शेडमध्ये गेलो. मालक इथल्याच जुन्या गावातला, साठीचा. शेताच्या जागी शेड उभी केलेली. खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, “बसा राव. च्या घ्या.”

मी लॅपटॉप उघडून दाखवला. आईचं सांगितलं.

“व्हय, हलत आसंल,” तो म्हणाला. “खाली समदा कातळ हाय. आमच्या घरात भांडी वाजत्यात.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत न्हाई कसं? पर कुनी बोललंच न्हाई.”

“मशीनखाली रबर टाकता येतं.”

“आनलंय की, दोन वर्सं झाली.” त्याने कोपऱ्याकडे हात केला. जाड काळे रबरी पॅड एकावर एक रचलेले होते. वर धूळ, आणि धुळीवर कुणाचा तरी डबा. “बसवायचं ऱ्हायलं. त्याला मशीन दिवसभर बंद ठेवाया लागतीय. कंपनी माल मागतीया.”

“गुरुवारी बंदच असतं.”

“गुरुवारी सुट्टी असती, भाऊ. मानसं कुठनं आनू?” मग समजूत घालावी तसं म्हणाला, “तुमी फोटू गुरुवारी काढा की. आमची काय हरकत न्हाई.”

मी चहा तसाच ठेवला. येत्या गुरुवारी पॅड बसले नाहीत तर शुक्रवारी आईची खाट या मशीनशेजारी आणून टाकीन, एवढं सांगितलं. त्याने हसून पाहिलं. मी हसत नव्हतो. गुरुवारी सकाळी त्याचा मुलगा आणि दोन माणसं आली. संध्याकाळपर्यंत काम झालं. दोन वर्षं जे राहिलं होतं, ते एका दिवसाचं होतं.

शुक्रवारी प्रेस चालू होता आणि रेघ जवळजवळ सपाट होती. तेजोमेघ आला, कडा स्वच्छ. मला तो पाहवला नाही. शनिवारी आईने सकाळी भाकरी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. चक्कर नाही म्हटल्यावर ते खूश झाले.

“गोळ्यांचा गुण आला म्हणायचा.”

मी दातांची रेघ त्यांच्यापुढे ठेवली.

“हे कुणाचं? कार्डिओग्राम?”

“जमिनीचं,” मी म्हणालो. पुढचं सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि तरीही महिनाभर गोळ्या चालू ठेवा म्हणाले, एकदम बंद करू नयेत म्हणून.

आईने पिशवीतून उरलेली पाकिटं काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

“तुमाला ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मी दोन वर्सं सांगत हुते.”

बाहेर येऊन ती पायऱ्या उतरली, मध्ये न बसता. गुरुवार तिने सोडला नाही. तो तिचा आहे. बाकीच्या दोन दिवसांचं जेवण तिच्याकडून कुणी काढून घेतलं होतं, ते मला माहीत आहे. गोळ्या मीच आणत होतो, तेही.