मानाचा ढोल शिवेबाहेर गेला

माझा धाकटा भाऊ मोठा ड्रमर झाला. केस वाढवून इंग्रजी गाणी वाजवणारा. टीव्हीवर दिसायचा. तो कसा शिकला याच्या दोन गोष्टी आहेत. एक तो सांगतो. दुसरी मी सांगते. मी चौथीपर्यंतच शिकले, पण घडलं ते लिहायला तेवढं पुरतं.

आमचं गाव हातखंब्यापासून आत, कच्च्या रस्त्यानं पायी तासाभरावर. शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसते आणि तिथून उठते ती आमच्या घरच्या ढोलावर. हा आमच्या घरचा मान. ढोल फणसाच्या लाकडाचा, आजोबांच्या वेळचा. एका बाजूला चीर गेली होती, तिच्यावर बाबांनी तांब्याची पट्टी ठोकली होती. ढोलाचे दोन नियम. बाईनं त्याला हात लावायचा नाही, आणि त्यानं गावची शीव ओलांडायची नाही. पालखी उठायच्या वेळेला ढोल हजर नसला, तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराला जातो. मग तो परत येत नाही.

आई आधीच गेलेली. भाऊ नऊ वर्षांचा असताना बाबांचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं. ते ओटीवर पडून तोंडानं बोल म्हणायचे, पण जीभ जड झालेली, भावाला काही कळायचं नाही. मला कळायचं. लहानपणापासून ऐकत होते. मी पडवीत बसून पालथ्या टोपावर हातानं वाजवून दाखवायची, तो समोर ढोलावर टिपरू मारायचा. चुकला की मी त्याच्या मांडीवर चापट मारायची. तीन वर्षं हे चाललं. बाराव्या वर्षी त्यानं पालखी उठवली. गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, म्हणाले, "बापाचा हात उतरलाय पोराच्या हातात." मी तिथेच उभी होते.

दहावी नापास झाल्यावर तो मुंबईला गेला. गावच्या माणसांनी तिकडे मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा, गणपतीत वाजवायचा. एका ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला आजारी पडला म्हणून याला बसवलं, मग हा त्या जागेवरून उठलाच नाही. पुढे इंग्रजी गाणाऱ्या काही पोरांनी त्याला आपल्यात नेला. तरी शिमग्याला यायचा. कानात बाळी घालून यायचा, पण यायचा.

एका दिवाळीला आला तो ढोलाजवळच बसून राहिला.

"बाय, आमची कॅसेट निघते हाय. हा आवाज तिकडच्या ड्रमात नाय गो."

"मग?"

"ढोल नेतो. शिमग्याला मीच घेऊन येतो."

"ढोल शीव ओलांडत नाय. तुला म्हायत हाय."

"कोणाला सांगायचंच कशाला? बाबांना पण नको."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. गोणपाट मीच आणलं, सुतळीनं मीच शिवलं. ढोलाला माझा हात लागला तो तेव्हा, पहिल्यांदा. पहाटेच्या एस.टी.त तो गेला. कंडक्टरनं विचारलं तर फणस आहे म्हणून सांग, असं मी म्हटलं होतं. दिवाळीत कसला फणस, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शिमगा आला. आदल्या दिवशी गावकरांनी हाक दिली, "काय गो, चामडं ताणायला ढोल शेकला काय?" मी म्हटलं, "शेकला." त्याचं पत्र होतं ना, नक्की येतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिन्ही गाड्या आल्या. तो कुठल्याच गाडीत नव्हता. सहाणेवर पालखी सजून बसली, माणसं खांदा द्यायला उभी राहिली.

"ढोल कुठाय?" गावकर म्हणाले.

"मुंबईस."

गावकरांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि मान चुलतभावाच्या घराला दिला. त्यांचा ढोल आणला. पालखी उठली.

बाबा घरी ओटीवर पडलेले. मी पायरी चढले तेव्हा म्हणाले, "हा आपला नव्हे." आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मरेपर्यंत, म्हणजे त्याच वर्षीच्या श्रावणापर्यंत, ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची अंथरुणं मी धूत होते. भाऊ गणपतीच्या कामासाठी म्हणून आषाढात एकदा ढोलाशिवायच येऊन गेला, त्याच्याशी बोलले.

शिमग्यानंतर सहा दिवसांनी त्याचं कार्ड आलं होतं. बाहेरगावी कार्यक्रम लागला, असं.

पुढच्या हिवाळ्यात शाळेतल्या मास्तरांनी एक साप्ताहिक आणून दिलं. भावाचा फोटो, मांडीशी ढोल. तांब्याची पट्टी घासून चकचकीत केलेली. खाली मुलाखत. बोट ठेवून ठेवून वाचली. तो म्हणत होता: घरात कुणाला वाजवण्याचा गंध नव्हता, परदेशी कॅसेटी ऐकून मी एकटा शिकलो. आणि हा ढोल? हा चोरबाजारात भंगारात सापडला.

मी परत एकदा वाचलं. तेच होतं.

मे महिन्यात तो गाडी घेऊन आला, ढोल मागच्या सीटवर. मी साप्ताहिक त्याच्यापुढे टाकलं.

"असं सांगावं लागतं गो, बाय. लोकांना अशीच गोष्ट आवडते."

"बाबा मेले त्याची पण गोष्ट करून सांग."

तो म्हणाला, "मान परत मागू. मी गावकरांशी बोलतो."

"दर शिमग्याला येशील?"

त्यानं ढोलाकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"ढोल परत घेऊन जा," मी म्हटलं. "चोरबाजारातली वस्तू मला घरात नको."

तो घेऊन गेला.

त्या पावसाळ्यात चुलतभाऊ आला. त्यांच्याकडे मान होता, पण पालखी उठवायचे बोल येत नव्हते. दोन शिमगे नुसतं बडवलं होतं. "बाय, माझ्या पोराला सांगशील?" म्हणाला. मी चूल सारवत होते. सारवून झाल्यावर हात धुतले, टोप पालथा घातला आणि त्याच्या पोराला समोर बसवलं.

आता पालखी त्यांच्या ढोलावर उठते. बोल आमचे आहेत. कुणी शहरातून येतात आणि मला विचारतात, तो ड्रमर तुमचा भाऊ ना, घरात कुणाकडून शिकला? मी सांगते, त्यालाच विचारा. त्यानं छापून दिलंय.