बाबांच्या तोंडची किंकाळी

आमच्या किनाऱ्यावर एका विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग चित्रित झाला, त्यात बाबांना छोटं काम मिळालं होतं. परग्रहावरचा प्राणी यानातून उतरतो आणि होडीला टेकून बसलेले बाबा त्याला विचारतात, "खंयसून इलस रे? चाय घेतलस?" कुठून आलास, चहा घेतलास का, हे वाक्य त्यांचं स्वतःचंच.

बाबा गेल्यावर त्या भागाची सुधारित आवृत्ती आली. आईने आणि मी ती मोबाइलवर पाहिली. यान उतरलं, बाबांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून कुणा परक्याची किंकाळी बाहेर पडली. आल्यागेल्याला चहा विचारणारा माणूस मालिकावाल्यांनी भेकड करून टाकला, आणि म्हणे सुधारणा.

पडद्यावरच्या नवऱ्याकडे एकदा पाहून आईने मोबाइल पालथा ठेवला.

"हो माझो घोव न्हय," ती म्हणाली.