इस्त्री न केलेल्या बाहुल्या

सुनंदाअक्कांच्या वर्कशॉपमध्ये चिंध्या साठतात तसेच किस्सेही. एक ओढायला जावं तर चार बरोबर येतात.

अक्का टेक्स्टाईल आर्टिस्ट. घर पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटमधलं. पेठेतल्या लोकांचे जुने कपडे मागून आणायचे, त्यांतून कमरेएवढ्या उंच, दोऱ्यांवर चालणाऱ्या बाहुल्या करायच्या आणि त्याच लोकांसमोर खेळ लावायचा, हे त्यांचं काम. आम्ही आयटीवाले रविवारचे मदतनीस.

*

नागपूरच्या निखिलने पहिल्याच रविवारी मन लावून गठ्ठाभर सदऱ्यांना इस्त्री केली. अक्कांनी एक सदरा उलटसुलट पाहिला.

"कोपराच्या चुण्या घालवल्यास की रे. आता बाहुलीचा हात वाकणार कसा?"

बिचारा आठवडाभर तेच सदरे घालून ऑफिसला गेला.

*

व्हाइटफील्डच्या एका सोसायटीला बाहुल्या 'एकदम फ्रेश कापडाच्या' हव्या होत्या.

"नव्या कापडाला अजून माणूस कुठे भेटलाय?" अक्का म्हणाल्या.

पुढच्या मीटिंगला सोसायटीतल्या बायका आपापल्या विटक्या ओढण्या घेऊन हजर!

*

भाजीवाल्या गौरम्मांच्या साडीची बाहुली वाघाला घाबरून पळते, असा प्रसंग होता. गौरम्मा प्रेक्षकांतून कडाडल्या, "माझी साडी नेसून पळतेस?"

अक्कांनी तिथल्या तिथे बाहुली वळवली आणि वाघाच्या अंगावर घातली. वाघ चालवणाऱ्या निखिलला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. तो खरंच पळाला.

*

गेल्या वर्षी अक्कांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढणार. अक्कांनी आम्हाला बसवून सांगितलं, "आपल्या इथल्या शिवाजीनगरचा खेळ माझा शेवटचा. थरथरती बाहुली कोण बघणार? सरी, ठीक आहे, पुढे तुम्ही सांभाळा." अक्कांशिवाय खेळ ही कल्पनाच आम्हाला सहन होत नव्हती.

शिवाजीनगरच्या खेळात त्यांनी म्हातारीची बाहुली हातात घेतली. काळ्या कपड्यांतल्या अक्का मागे, पुढे म्हातारी. ती थरथरत दोन पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली.

पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. आपली खुर्ची त्यांनी पुढे सरकवली आणि बाहुलीला म्हणाले, "कूत्कोळ्ळी अम्मा. बसा."

अक्कांनी म्हातारीला हळूच खुर्चीत बसवलं. खेळ संपेपर्यंत आजोबा उभेच होते.

परतताना रिक्षातून चामराजपेट आल्यावर अक्का म्हणाल्या, "निखिल, त्या आजोबांचा एखादा जुना सदरा मिळतो का बघ. आणि इस्त्री करू नकोस."