एकटीला एसटीत बसवणार नाही

“तिला सामान भरायला सांगा आणि दुपारच्या एसटीत बसवा,” प्राचार्य म्हणाले. “घरी गेली की आपली जबाबदारी संपली.”

“नाही सर. एकटीला पाठवणार नाही.”

सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी काउन्सेलर होते. सेकंड इयरची प्रणाली माझ्या केबिनमध्ये बसली होती, सोबत हॉस्टेलच्या मावशी. ती इयर डाऊन झाली होती, म्हणजे पुढच्या वर्गात प्रवेश नाही. घरी मात्र तिने पास झाले म्हणून सांगितलेलं. वडिलांनी कोरेगावात पेढेही वाटले होते.

सकाळी मी तिला सरळच विचारलं होतं, “जीव द्यायचा विचार येतो का?” असं विचारलं की नसतं खूळ डोक्यात शिरतं, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. विचारलं की माणूस बोलतो.

“व्हय मॅडम,” ती म्हणाली. “पण पप्पांना सांगू नका.”

काउन्सेलरला सांगितलेलं एरवी बाहेर जात नाही. जिवाचा प्रश्न असेल तर जातं. हे तिला स्पष्ट सांगून मी तिच्यासमोरच तिच्या वडिलांना फोन लावला. ती माझ्यावर भयंकर चिडली.

“इथे काही झालं म्हणजे?” प्राचार्य तणतणले.

“म्हणूनच तिला एकटी सोडायची नाही, सर.”

वडील रिटायर्ड सुभेदार. तीन तासांत हजर. त्यांच्यासाठी मी वाक्यं घोकून ठेवली होती: ओरडू नका, मार्कांचं काढू नका. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“मॅडम, फौजेत परत्येक जवानाला एक बडी असतो. जोडीदार. एक खचला तर दुसरा त्याला सोडत न्हाई.” मग ते लेकीसमोर चक्क फरशीवर बसले. “आजपास्नं तुझा बडी मी. पेपर गेलं तर जाऊ देत. तू हायस न्हवं?”

प्रणाली हमसून हमसून रडली. मलाही आवरेना.

नुसत्या मायेवर भागत नाही. त्याच संध्याकाळी तिघं मिळून सायकियाट्रिस्टकडे गेलो. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला माझ्याकडे येणं सुरू झालं. वर्षभराने ती पुन्हा वर्गात बसली, आणि पुढे डिग्री घेऊनच बाहेर पडली.

कॉलेजने प्रत्येक फर्स्ट इयरवाल्याला एक सीनिअर बडी दिला. सर्क्युलरवर कल्पना प्राचार्यांची म्हणून छापलं. छापू देत. त्या दिवशी दिलेला नकार माझा होता, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पालकांशी काय बोलायचं याची तयारी मी अजून करते. फक्त आता आधी त्यांना बोलू देते.